बाळाच्या दुधाच्या पावडरच्या बॉक्सवर "बाटली फ्री" म्हणत फोन आला तर सावध व्हा, माझे 10,549 रुपये गेले

एकूण 10,549 रुपये. पैशांचं एक वेळ जाऊ दे, पण माझ्या मुलाच्या पोटात नक्की काय गेलं हे मला आज कुणीही सांगू शकत नाहीये, म्हणून लिहितेय. नातेवाइकांत अजून कुणाला बोललेली नाही, लाज वाटते, आणि पहिला प्रश्न कोणता येणार तेही माहीत आहे: मेडिकल सोडून फोनवर कशाला घेतलंस?

तर ऐका कशाला. आम्ही भांडुपला राहतो, माझं ऑफिस अंधेरीला. मॅटर्निटी लीव्ह संपत आलेली, दूध पुरत नव्हतं, बाळाचं वजन बघून डॉक्टरांनी पावडर लिहून दिली, मी मनाने सुरू केलेली नाही. 400 ग्रॅमच्या बॉक्सची एमआरपी तेव्हा 825 रुपये. दीडशे एमएलच्या बाटलीला पाच स्कूप लागतात, दिवसाला तीनच बाटल्या धरल्या तरी तो बॉक्स आठवडा काढत नाही. घरात लोनचा हप्ता, त्यात बाळाला सहा महिने पूर्ण होणार म्हणून त्यानंतरची, नंबर 2 ची पावडर हवी आणि स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये दर वेळी "नंबर 1 आहे, 2 उद्या येईल". म्हणून आयांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की नंबर 2 नेहमी कुठे मिळते, बाळ किती महिन्यांचं आणि कोणती पावडर तेही त्यातच लिहिलं. तिथूनच माझा नंबर उचलला गेला याची मला खात्री आहे.

त्यानंतर लगेचच एका बाईचा फोन. "ताई, मी न्यूट्रिशन काउन्सेलर बोलतेय, बाळाला सहा महिने पूर्ण होतील ना आता?" आवाज एकदम घरातल्यासारखा, मराठी स्वच्छ, बाळाला गॅस होतो का, रात्री उठतं का, सगळं विचारलं. मग म्हणाली आमच्याकडे डिस्ट्रिब्युटरचा जास्तीचा स्टॉक आहे, 550 ला बॉक्स देते. मी लगेच हो म्हटलेलं नाही. आधी दोनच बॉक्स मागवले, 1,100 रुपये, तेही घरी आल्यावर दिले. माल अगदी व्यवस्थित, सील नीट, तारीख लांबची, मेडिकलमधल्या बॉक्सशेजारी ठेवून बघितला तर काडीचा फरक नाही. ही जुनी पद्धत आहे, पहिला माल खरा द्यायचा, तुम्हाला माहीतच असेल. पण ज्याने एवढं तपासून घेतलं त्याने अजून काय करायचं होतं?

मग आली ती ऑफर. बारा बॉक्स घेतले तर 6,600, त्यावर तीन फीडिंग बाटल्या फ्री, आणि स्टरलायझर 1,499 ला. एकूण 8,099, पूर्ण पैसे आधी, "स्टॉक होल्ड करायला". मी लंच टाइममध्ये ऑफिसातून यूपीआय केलं.

इथे, अगदी इथे कळायला हवं होतं. बाटली फ्री! आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या पावडरवर असलं काही देताच येत नाही. 1992 चा कायदा आहे, 2003 ला अजून कडक केला, पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात नाही, फ्री सॅम्पल नाही, गिफ्ट नाही, कसलंही आमिष नाही, आणि विक्री वाढवायला गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाच्या आईला गाठणंसुद्धा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तिचा पहिला फोन आला तेव्हाच तो बेकायदेशीर होता. रोज रात्री हेच डोक्यात फिरतं की ती "फ्री" म्हणाली त्याच क्षणी फोन ठेवला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला सांगा, हा कायदा कुठल्या आईला माहीत असतो? डिलिव्हरी झाली तेव्हा ना हॉस्पिटलमध्ये कुणी सांगितलं ना लसीच्या वेळी. साबणाच्या जाहिरातींनी भिंती भरल्यात आणि ज्याने बाळ वाचेल ते कुठेच लिहिलेलं नाही.

पार्सल आलं. वरून सगळं ठीक. आत एक कागद होता, त्यावर हसऱ्या बाळाचा फोटो आणि खाली लिहिलेलं की फिल्टरचं पाणी चालेल, उकळायची गरज नाही. तो कागद बघूनच माझ्या पोटात गोळा आला. पावडर निर्जंतुक नसते, म्हणूनच पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, 70 अंशांच्या खाली जायच्या आधी त्यात ती घालायची आणि मग बाटली गार करून द्यायची, हे आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आणि पावडरच्या डब्यावर बाळाचा किंवा बाईचा फोटो छापायलासुद्धा मनाई आहे, कुठलीही खरी कंपनी असला कागद आत टाकणार नाही.

तरी बॉक्सवर तारीख पुढच्या वर्षीची होती म्हणून पहिला उघडला आणि वापरला. दुसऱ्यात पावडरचे गोळे होते, स्कूपने फुटेनात. पिशवी कुठे फाटली का बघायला ती बॉक्समधून पूर्ण बाहेर काढली, आणि खालच्या शिवणीवर बॅच नंबर वेगळा आणि तारीख कधीचीच उलटून गेलेली! बॉक्सवरची तारीख उजेडात तिरकी धरून बघितली तर खालचा छापा पुसल्याचा पांढुरका डाग दिसतो. मग पहिल्या बॉक्सची पिशवी कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढली. तीच बॅच. तीच तारीख. माझ्या बाळाने त्यातल्या बाटल्या पोटभर प्यायलेल्या. डॉक्टरांकडे धावलो, त्यांनी तपासून जुलाब, ताप, दूध नाकारणं यावर लक्ष ठेवायला सांगितलं. देवाच्या दयेने काही झालं नाही, पण ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

नुसता बॉक्स बघू नका, आतली पिशवी काढून दोन्हीकडचा बॅच नंबर जुळवा.

बाटल्यांचं तर विचारूच नका. आयएसआयचा शिक्का होता, पण त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो तो बीआयएस केअर ॲपवर (हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप) टाकला तर काहीच येईना. हे ॲप फुकट आहे, दुकानात उभं राहूनही तपासता येतं. सगळ्यात संताप आला तो बाटलीवरच्या रेघांचा. औषधाच्या सिरिंजने पाणी मोजून घातलं तर 120 च्या रेघेला पाणी शंभर एमएलच्या आसपास. म्हणजे आपण चार स्कूप घालणार आणि बाळाला मिळणार गरजेपेक्षा घट्ट दूध. नवी बाटली आणली की एकदा पाणी मोजून बघाच.

मी तिला फोन केला. ती चिडलीसुद्धा नाही! "सॉरी ताई, गोडाऊनची चूक, पिकअप पाठवते, फक्त रिटर्नचं डिपॉझिट 2,450 भरा, रिफंडमध्ये परत येईल." हे नवऱ्याने भरले, कारण 8,099 परत येणार असं वाटत होतं आणि मला त्या वेळी बाळाशिवाय काही सुचत नव्हतं. त्यानंतर रिफंडसाठी लिंक पाठवली, ती मात्र आम्ही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. पैसे परत करायला जो आधी पैसे मागतो तो चोर, कितीही गोड बोलू दे.

आता आपल्या व्यवस्थेबद्दल. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, हे पहिल्या तासात करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवता येतात. आमचे गेलेले होते. बँक म्हणे पिन तुम्ही स्वतः टाकला, आमची जबाबदारी नाही. घराजवळच्या पोलीस स्टेशनला गेलो तर "पैसे ऑफिसातून पाठवलेत ना, मग अंधेरीत जा". अंधेरीत म्हणे "राहता भांडुपला, तिकडेच द्या". अरे, 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी कायद्यात लिहून दिलंय की हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावीच लागते, मी ते मोबाइलवर दाखवलं तर साहेब म्हणाले आम्हाला कायदा शिकवू नका. आणि तिथल्याच एकाने मुलाकडे बघत मला विचारलं, "मॅडम, आईचं दूध द्यायचं ना, हे धंदे कशाला?" भरलेल्या पोलीस स्टेशनमध्ये, कडेवर बाळ असताना. मी काय उत्तर द्यायचं होतं? नवऱ्याने हात धरून बाहेर आणलं नसतं तर मी तिथेच ओरडले असते.

कुरियरवाला म्हणतो पाठवणाऱ्याचा पत्ता देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात कुरियरकडून पत्ता आणा, मग बघू. अन्नाची तक्रार जिथे घेतात तिथे गेले तर बिल मागितलं, बिल असतं तर मी फसले असते का? वर उघडलेल्या बॉक्सचा नमुना चालत नाही म्हणाले. मी म्हटलं सीलबंद दहा आहेत, तेच घ्या. "अर्ज देऊन ठेवा." दिलाय. मुदत संपलेलं दूध अजून कुठल्या घरांत गेलं असेल, तिथलं बाळ किती महिन्यांचं असेल, याची कुणालाच घाई नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो आणि तोच कुरियरवाल्याकडे अडकलाय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर निदान नोंद तरी करून ठेवा.

ग्रुपवर बाळाचं वय आणि पावडरचं नाव एकत्र लिहू नका. रिकामे बॉक्स तसेच भंगारात देऊ नका, तारीख आणि बॅच असलेला भाग कापून बारीक तुकडे करा, कारण हेच बॉक्स परत भरले जातात. आणि कुणाकडे त्या हसऱ्या बाळाच्या कागदासकट पार्सल आलं असेल तर बॉक्स फेकू नका, कुरियरची पावती, पिशवीवरच्या तारखेचा फोटो, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा आणि मला कळवा. अन्नाच्या तक्रारीचा माझा अर्ज आत आहे, दुसऱ्या घरातलीही तीच बॅच निघाली तर मी तो घेऊन परत जाणार आहे.