लालबागमधलं एक झेरॉक्सचं दुकान, 5 पैकी 4 स्टार

दुकानाला नाव असावं, पण पाटीवर आता नुसतं 'झेरॉक्स लॅमिनेशन ऑनलाइन फॉर्म' एवढंच वाचता येतं, बाकीची अक्षरं पावसाने खाल्ली. चिवडा गल्लीपासून दोन-तीन मिनिटांवर आहे, शेजारी मसाल्याची गिरण, त्यामुळे मे महिन्यात गेलात तर शिंका फुकट. काका मशीनवर असतात आणि आतल्या एका कॉम्प्युटरवर त्यांची सून. हा रिव्ह्यू खरं तर त्या सूनताईंचा आहे.

आधी बॅकग्राऊंड सांगतो. भाची बारावी कॉमर्स झाली, ताई आणि भावजी दोघं नोकरीवाले, त्यामुळे अ‍ॅडमिशनचं काम मामाच्या गळ्यात. मी म्हटलं त्यात काय एवढं, आमच्या वेळी कॉलेजच्या खिडकीवर लाइन लावायची, फॉर्म घ्यायचा, भरायचा, लिस्ट लागली की फी भरायची, विषय संपला. पण भाची म्हणाली मामा आता एनईपी आहे, म्हणजे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, मेजर मायनर असतं, आणि ते बोलताना तिचा चेहरा असा की जणू काही डॉक्टरने रिपोर्ट दिलाय.

म्हणून मी शहाणपणा केला आणि आधी दादरला एका एसी ऑफिसात गेलो, अ‍ॅडमिशन गायडन्सवाले. 1500 रुपये घेतले आणि चकचकीत पुस्तिका दिली. त्यात पहिल्या पानावर की हे धोरण 29 जुलै 2020 ला केंद्रीय कॅबिनेटने मंजूर केलं, आधीचं 1986 चं होतं, 2035 पर्यंत उच्च शिक्षणात जाणाऱ्या मुलांचं प्रमाण 50 टक्क्यांवर न्यायचंय वगैरे वगैरे. सगळं बरोबरच असेल हो, पण पोरीने फॉर्ममध्ये काय टिक करायचं ते कुठेच नाही. वर तो टायवाला मुलगा छातीठोकपणे म्हणाला की आता डिग्री चार वर्षांचीच, तीन वर्षांची बंद झाली. घरी येऊन हे सांगितलं तर भावजींनी लगेच एका वर्षाच्या जादा फीचा हिशोब मांडला आणि ताईने जेवण अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी नुसत्या मार्कशीटच्या झेरॉक्स काढायला या दुकानात गेलो. भाची तोंड पाडून उभी होती, सूनताईंनी विचारलं काय गं, आणि मी टायवाल्याचं वाक्य सांगितलं. त्या हसल्या. मशीनमधून आलेला एक काळपट वाया गेलेला कागद उलटा केला आणि पेनाने जिना काढला. चार पायऱ्या. पहिलीवर 44, दुसरीवर 88, तिसरीवर 132, चौथीवर 176. म्हणाल्या हे क्रेडिट, म्हणजे विषय पास झालीस की जमा होणारे पॉइंट, आपल्याकडे सेमिस्टरला 22, वर्षाला 44. पहिल्या पायरीवर उतरलीस तर सर्टिफिकेट, दुसरीवर डिप्लोमा, तिसरीवर डिग्री, जशी आधी होती तशीच, आणि चौथीपर्यंत गेलीस तर ऑनर्स. चौथी पायरी कंपल्सरी नाही. मग प्रत्येक पायरीला बाजूला एक छोटा दरवाजा काढला आणि म्हणाल्या, पण पहिल्या दोन दरवाज्यांतून बाहेर पडताना नुसतं टाटा करता येत नाही, चार क्रेडिटचा कामाचा कोर्स किंवा इंटर्नशिप जादा करावी लागते, आणि परत यायचं असेल तर तीन वर्षांत यायचं, सगळं मिळून सात वर्षांत पूर्ण करायचं.

तो कागद अजून आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. 1500 ची पुस्तिका कुठे गेली माहीत नाही.

भाचीने विचारलं चौथं वर्ष मग करायचं कशाला. सूनताईंनी सांगितलं पुढे एमकॉम करणार असशील तर चार वर्षांनंतर ते एका वर्षाचं होतं, तीननंतर दोन वर्षांचं, म्हणजे बेरीज तीच. आणि रिसर्चवालं ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के पाहिजेत, त्यातून पुढे थेट पीएचडीला अर्ज करता येतो. आत्ता ठरवू नकोस, तिसऱ्या वर्षाला ठरव. हे शेवटचं वाक्य ऐकून माझ्याच खांद्यावरचं ओझं उतरलं.

मग आला एबीसी आयडी. क्रेडिटची बँक, डिजीलॉकरवर खातं काढायचं, बारा आकडी नंबर मिळतो, त्यालाच आता अपार म्हणतात. काम दोन मिनिटांचं, पण आधारला मोबाइल नंबर कुणाचा, तर आबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा. पोरगी लहान असताना चिपळूणला आधार काढलेलं. आबांना फोन लावला, म्हटलं आबा मेसेज आला असेल तो नंबर वाचा, तर आबा आधी कंपनीचं नाव वाचतात, मग कुणाला सांगू नका असं लिहिलंय रे तर मी तुला कसं सांगू असं विचारतात, तोवर टाइम संपला. दुसऱ्यांदा नेटवर्क नाही, पडवीतून अंगणात या म्हटलं. तिसऱ्यांदा नंबर बरोबर आला, तर नाव मॅच होईना, मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव आहे, आधारवर वडिलांचं नावच नाही. सूनताईंनी तोपर्यंत दुसऱ्या दोन मुलांचे फोटो 50 केबीत बसवून दिले, काकांनी आम्हाला कटिंग मागवला, आणि एकदाही कपाळाला आठी नाही. आधार आधी अपडेट करून या, नाहीतर पुढे रिझल्टच्या वेळी क्रेडिट खात्यात पडताना रडाल, असं सांगून त्या दिवशी फक्त झेरॉक्सचे पैसे घेतले.

आठवड्याने आधार दुरुस्त करून परत गेलो. युनिव्हर्सिटीचं एनरोलमेंट आधी, मग प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा. भाचीला बीएमएस, म्हणजे मॅनेजमेंटची डिग्री पाहिजे होती. ताईंचा पहिला प्रश्न, सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दिलीस का. नाही दिली, आम्हाला कुणी सांगितलंच नाही (एसी ऑफिसवाल्यानेही नाही). मग कळलं की 2024 पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या ताब्यात गेले, त्यामुळे राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि मग बऱ्याच कॉलेजांनी त्याच कोर्सचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं, त्याला सीईटी नाही. थोडक्यात पाटी बदलली, चहा तोच. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं ते तिथल्या तिथे परत गेलं.

आमच्या मागे एक काकू मुलीला घेऊन उभ्या होत्या, त्यांनी विचारलं मुलींना आता फी नाही ना. इथे ताईंचा मला जास्त आदर वाटला कारण हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी नीट सांगितलं की जुलै 2024 च्या जीआरने माफी आहे, पण ती व्यावसायिक कोर्सला, कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून अ‍ॅडमिशन घेतली तर, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत. साध्या बीकॉमला ही योजना लागू नाही. काकू हिरमुसल्या, पण उत्पन्नाचा दाखला काढायला उगाच धावल्या नाहीत.

खरी गंमत मेरिट लिस्टनंतर. नाव लागलं, आता विषय निवडायचे. अहो ती यादी म्हणजे हॉटेलचं मेन्यूकार्ड. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. मी म्हटलं ही रेल्वे स्टेशनं आहेत का. ताईंनी परत पेन घेतलं. मेजर म्हणजे मुख्य विषय, तुझी भाजी-पोळी, मायनर म्हणजे जोडीचा विषय, एईसी म्हणजे भाषा, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा, ते जे कॉलेज देईल ते घे, त्यात डोकं लावू नकोस, डोकं लाव ओपन इलेक्टिव्हला. कारण ते दुसऱ्या फॅकल्टीचंच घ्यावं लागतं, कॉमर्सवाल्याने आर्ट्स किंवा सायन्सचं. भाचीची मैत्रीण जे घेणार तेच ती घेणार होती. ताईंनी विचारलं तुला स्वतःला काय आवडतं, आणि मागे लाइन असूनही थांबल्या. पोरगी बराच वेळ गप्प, मग हळूच म्हणाली सायकॉलॉजी. मला हे माहीतच नव्हतं. आमच्या घरात तिला हे कुणी विचारलं नव्हतं बहुतेक. लिस्टमध्ये होतं, मिळालं.

माझं मत विचाराल तर मला या सगळ्यातलं दुसऱ्या फॅकल्टीचा विषय घेणं आवडलं, आणि पहिल्या वर्षाचं सर्टिफिकेट अजिबात पटलं नाही, लालबाग-परळमध्ये कोण त्यावर नोकरी देणार आहे ते मला दाखवा. पण जिन्याचे दरवाजे पाहून पोटात काहीतरी हललं हेही खरं. मी स्वतः 2004 ला एसवायला कॉलेज सोडलं, बाबांची मिल कधीच बंद झालेली आणि तेव्हा ते आजारी पडले, घरात कुणीतरी कमावणं भाग होतं. दोन वर्षं शिकलो त्याचं हातात काही नाही, बायोडेटावर बारावी पास. मी मस्करीत म्हटलं ताई, माझे दोन वर्षांचे क्रेडिट कुठे जमा आहेत का बघा ना. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या दादा, तेव्हा क्रेडिट नव्हते आणि बँकेतलेही सात वर्षच टिकतात, पण कलिनाला मुंबई युनिव्हर्सिटीचं डिस्टन्स आहे, पूर्वी आयडॉल म्हणायचे ते, मार्कशीटा असतील तर घेऊन या, विचारून बघू. आणि पुढच्याला हाक मारली.

आता वजा एक स्टार कशासाठी. एक तर बसायला एकच स्टूल, पंखा काकांच्याच दिशेने. दुसरं आणि सीरियस, ताई सगळ्या मुलांचे लॉगिन आणि पासवर्ड एका लांब वहीत लिहून ठेवतात, मुलं विसरतात म्हणून, आणि ती वही काउंटरवर उघडी पडलेली असते, मी उभ्या उभ्या तीन जणांची जन्मतारीख वाचली. काकांना सांगितलं तर म्हणाले आमच्याकडे कोण चोरणार. तरी तुम्ही गेलात तर घरी येऊन पासवर्ड बदला. मुलांचा फॉर्म मुलांनाच प्रिव्ह्यू वाचायला लावतात, त्यात वेळ जातो, काही पालक वैतागतात, मला ते बरं वाटलं.

बिल एकूण, तीन फेऱ्या, एनरोलमेंट, चार कॉलेजांचे फॉर्म, फोटो, झेरॉक्स धरून 340 रुपये. जीपे चालतं. दुपारी दीड ते चार शटर अर्धं खाली असतं, वाकून हाक मारलीत तर काका झेरॉक्स देतात पण ऑनलाइनचं काम चारनंतरच. रविवारी बंद. ओरिजिनल, दोन झेरॉक्स सेट आणि आधारला लिंक असलेला फोन बरोबर ठेवा, आजोबा गावी असतील तर त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

माझी एफवायची मार्कशीट आईच्या ट्रंकेत सापडली, एसवायची अजून शोधतोय. गुरुवारी चारनंतर जाणार आहे.