क्लेमेंतेच्या सहीचा चेंडू घेताय? आधी चेंडू कोणत्या कंपनीचा ते बघा

रोबेर्तो क्लेमेंतेची सही असलेला जुना बेसबॉल कोणी तुमच्यासमोर धरला, तर सही नंतर बघा. आधी चेंडू फिरवून त्यावर कोणत्या कंपनीचा शिक्का आहे ते शोधा. शिक्का पुसट असेल तर तो वाचता येईपर्यंत खिशात हात घालू नका. मला अशाच एका चेंडूत 2,600 डॉलरना फसवलं गेलं. ज्या पद्धतीने फसवलं ती इतकी पक्की आहे की तो विक्रेता ती पुन्हा पुन्हा वापरणार, याची मला खात्री आहे. म्हणून सगळं तपशिलाने लिहिते आहे.

मी पिट्सबर्गला राहते. या गावाचं क्लेमेंतेवरचं प्रेम बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. प्वेर्तो रिकोमधल्या कारोलिनाचा हा मुलगा 1955 पासून पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाकडून खेळला, तो शेवटपर्यंत. उत्तम क्षेत्ररक्षणाचे 12 गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. 1971 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही सुरुवातीची अनेक वर्षं इथले वार्ताहर त्याचं इंग्रजी मुद्दाम मोडकंतोडकं छापत आणि बेसबॉल कार्डांवर त्याचं नाव ‘बॉब’ असं येई. 31 डिसेंबर 1972 च्या रात्री, भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या निकाराग्वासाठी मदतीचं सामान घेऊन तो स्वतः विमानात बसला. आधी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं त्याच्या कानावर आलं होतं. विमान समुद्रात कोसळलं आणि त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. तेव्हा तो 38 वर्षांचा होता. आज पायरेट्सच्या पीएनसी पार्क या मैदानातली उजव्या बाजूची भिंत 21 फूट उंच आहे, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा 21 होता. परक्या भाषेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला हा माणूस घरचा वाटतो.

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचं बेसबॉलकडे लक्ष गेलं ते 2008 मध्ये, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय मुलांना पायरेट्सनी करारबद्ध केलं तेव्हा. माझी आवड मात्र हळूहळू जुन्या सामन्यांकडे वळली. तिकिटांचे अर्धे तुकडे, स्कोअरकार्डं, सामन्याच्या दिवशी विकली जाणारी माहितीपुस्तकं असं मी जमवत गेले. 1960 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना बिल मॅझरॉस्कीने होम रन मारून 10-9 असा जिंकून दिला. तो सामना झाला त्या फोर्ब्ज फील्ड मैदानाच्या भिंतीचा तुकडा ओकलंड भागात अजून उभा आहे आणि दर 13 ऑक्टोबरला लोक तिथे जमतात. अशा गावात राहून हा नाद लागला नाही तरच नवल.

तो विक्रेता भेटला एका हॉटेलच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवारच्या संग्राहकांच्या मेळाव्यात. टेबल नीट मांडलेलं, माणूस मृदू बोलणारा. काचेच्या पेटीत एक पिवळसर चेंडू, त्यावर निळ्या शाईत क्लेमेंतेची सही. त्याची गोष्ट अशी होती: त्याचे मामा पायरेट्सच्या तेव्हाच्या थ्री रिव्हर्स स्टेडियमवर लोकांना जागा दाखवण्याचं काम करायचे. 30 सप्टेंबर 1972 च्या सामन्यानंतर त्यांनी ही सही घेतली.

ही तारीख त्याने उगाच निवडली नव्हती. त्या दिवशी न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर डबल, म्हणजे दोन बेस गाठून देणारा फटका, मारून क्लेमेंतेने आपला 3,000 वा हिट (यशस्वी फटका) पूर्ण केला. नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचा हिट ठरला आणि आकडा बरोबर 3,000 वर थांबला. मैदानात तेरा हजारांच्या आसपास प्रेक्षक होते, म्हणजे स्टेडियम बरंचसं रिकामं होतं. म्हणून त्या दिवसाच्या खऱ्या वस्तू कमी आहेत, मागणी प्रचंड आहे, आणि ज्याने सही केली तो तीन महिन्यांत गेला. खोटं विकायला याहून सोयीचा दिवस नाही.

मग त्याने स्वतःहून पुरावा दिला. त्या काळी चेंडूवर नॅशनल लीगच्या (मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या दोन गटांपैकी एक, पायरेट्सचा गट) अध्यक्षांच्या सहीचा शिक्का असायचा. भिंग माझ्या हातात देऊन तो म्हणाला, “वाचा तुम्हीच.” चार्ल्स फीनी हे नाव वाचता येत होतं. “फीनी 1970 मध्ये अध्यक्ष झाले. क्लेमेंते 1972 पर्यंत खेळला. म्हणजे हा चेंडू त्याच्या शेवटच्या तीन वर्षांतलाच.” मी घरी येऊन पडताळलं. फीनी खरंच 1970 ला अध्यक्ष झाले होते. त्याने सांगितलेली प्रत्येक तारीख खरी निघाली. तो खोटं बोलला ते फक्त एका जागी: फीनी 1986 पर्यंत अध्यक्ष होते, हे त्याने सांगितलं नाही.

चेंडूसोबत जाड कागदावरचा दाखला होता, सोनेरी शिक्क्याचा. चेंडूवर चकाकता होलोग्राम, त्यावर क्रमांक. दाखल्यावर दिलेल्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की चेंडूचा फोटो उमटत होता. पुढे कळलं की तो दाखला देणाऱ्या ‘संस्थे’चा पत्ता आणि विक्रेत्याची टपालपेटी एकच. सोनाराने आपल्याच दुकानात हॉलमार्कचा छाप मारून द्यावा, तसा हा प्रकार. पैसे त्याने फोनवरच्या ॲपमधून मागितले, तेही ‘मित्राला पाठवतो’ हा पर्याय निवडून, म्हणजे म्हणे दोघांचंही शुल्क वाचेल. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं.

चेंडूचं खरं रूप उघड केलं ते इथल्या एका वयस्कर संग्राहकांनी. आयुष्यभर पायरेट्सचे चेंडू हाताळलेले गृहस्थ. त्यांनी सहीकडे पाहिलंसुद्धा नाही. खोलीतला मोठा दिवा बंद केला, टॉर्च चेंडूच्या कडेने आडवी धरली आणि दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर प्रकाश सरकवत नेला. लाखेच्या रोगणाखाली, मुद्दाम घासून पुसट केलेल्या जागी, अक्षरांचे खळगे दिसायला लागले: रॉलिंग्ज. त्याखाली हैती. ते एवढंच म्हणाले, “बाई, हा चेंडू तयार झाला तेव्हा क्लेमेंते या जगात नव्हता.”

1976 पर्यंत नॅशनल लीगचे चेंडू स्पाल्डिंग कंपनी बनवायची. रॉलिंग्जचा अधिकृत चेंडू आला 1977 पासून, आणि त्या काळात तो हैतीत शिवला जायचा. म्हणजे फीनींचं नाव आणि रॉलिंग्जचा शिक्का एकाच चेंडूवर असेल, तर तो 1977 ते 1986 मधला. क्लेमेंते गेला 1972 ला. आणखी एक खूण आहे: 1973 पर्यंत चेंडूला घोड्याचं कातडं असायचं, 1974 पासून गायीचं आलं. ती पारख अनुभवी हाताचं काम आहे, पण शिक्का कोणालाही वाचता येतो. म्हणूनच तो घासला होता. एरवी जुन्या काळी लोक सही टिकावी म्हणून चेंडूंना खरोखरच लाखेचं रोगण लावत, त्यामुळे पिवळेपणा पाहून कोणाला संशय येत नाही. प्रामाणिक लोकांची जुनी सवय या माणसाने पांघरूण म्हणून वापरली, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

मी त्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, मामांनी चेंडूंची अदलाबदल केली असेल. मग म्हणाला, हे तुमचं मत, आमच्या तज्ज्ञांचं मत वेगळं. मग उत्तरं बंद झाली. हा ‘मत’ शब्द नीट लक्षात ठेवा, कारण त्याच्या दाखल्यावरही बारीक अक्षरात तेच छापलेलं आहे: हे आमचं मत आहे, हमी नाही. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे मी तक्रार केली आहे. चेंडू, दाखला, संदेश, पैसे पाठवल्याची नोंद, सगळं जसंच्या तसं जपून ठेवलं आहे.

हे काही एकट्या-दुकट्या लबाडाचं काम नाही, हा जुना धंदा आहे. 1990 च्या दशकात सॅन दिएगोच्या संघातल्या टोनी ग्विनला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या खोट्या सह्यांच्या वस्तू विकायला ठेवलेल्या दिसल्या. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने तपास केला आणि ऑक्टोबर 1999 मध्ये धाडी टाकल्या. जप्त मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलसुद्धा निघाला! त्यानंतर, 2001 पासून, मेजर लीगने स्वतःची खातरजमा सुरू केली. पोलीस सेवेतले किंवा तिथून निवृत्त झालेले लोक सामन्याच्या वेळी मैदानावर हजर असतात आणि वस्तू त्यांच्या नजरेसमोर बाहेर आली तरच तिला होलोग्राम लागतो. त्याचा क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर तपासता येतो. शोहेई ओतानीने 2024 मध्ये एका हंगामात 50 होम रन आणि 50 चोरलेले बेस पूर्ण केले. त्या पन्नासाव्या होम रनचा चेंडू लिलावात 43 लाख डॉलरच्या वर गेला. एवढा पैसा जिथे आहे तिथे खोटं बनवणारे येणारच.

पण क्लेमेंतेच्या काळातल्या वस्तूंना मैदानावरचा साक्षीदार नाही. तिथे पीएसए, जेएसए, बेकेट अशा त्रयस्थ तपासनीसांवरच भिस्त ठेवावी लागते. त्यांचे खोटे स्टिकरही बाजारात आहेत. म्हणून क्रमांक तपासताना पत्ता स्वतः टाइप करा. विक्रेत्याने दिलेला दुवा किंवा दाखल्यावरचा चौकोनी कोड वापरू नका. आणि विक्रेत्याला सरळ विचारा: मी हा चेंडू माझ्या खर्चाने अमुक ठिकाणी तपासायला पाठवते, नापास झाला तर पैसे परत, हे लेखी द्याल का? प्रामाणिक विक्रेते हो म्हणतात, मी अशांकडून पुढे खरेदी केली आहे. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या, तीन टक्के जास्त पडले तरी.

सगळं खोटं लबाडीतूनच येतं असंही नाही. त्या काळी चाहत्यांची पत्रं आणि चेंडू ढिगाने येत, आणि ड्रेसिंग रूममधली पोरं खेळाडूंच्या वतीने सह्या ठोकून देत. असा चेंडू खराखुरा 1972 चा असू शकतो, कुणाच्या तरी आजोबांना तो खरंच डगआउटमधून मिळालेला असू शकतो, आणि तरी सही त्या खेळाडूची नसते. घरातली हकीकत कितीही खरी असली तरी ती सहीचा पुरावा होत नाही.

आणखी एक गोष्ट मंडळातल्या लोकांशी बोलताना जाणवली. फसवले गेलेले आणखीही जण निघाले. कोणाचं सहीचं कार्ड, कोणाची बॅट. पण कोणी तक्रार केली नव्हती. “लोक काय म्हणतील, एवढे पैसे चेंडूवर घातले?” लाज त्याला वाटायला हवी ज्याने शिक्का घासला. तक्रारी एकाच नावावर साठत गेल्या तरच यंत्रणा हलते, त्यामुळे रक्कम लहान असली तरी नोंदवा.

त्या टेबलावर क्लेमेंतेचे आणखी चेंडू होते, शिवाय 30 सप्टेंबर 1972 ची म्हणून ठेवलेली तिकिटं. पश्चिम पेनसिल्व्हेनिया किंवा ओहायोतल्या मेळाव्यात कोणी अशा ‘मामांच्या’ गोष्टीसकट चेंडू घेतला असेल, तर आज रात्रीच दिवे बंद करून टॉर्च आडवी धरा आणि दुसऱ्या बाजूची पट्टी वाचा. तिकिटं घेतली असतील तर मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या याद्यांमध्ये त्याच सामन्याच्या तिकिटांचे फोटो मिळतात. रंग, छपाई, आसनाच्या आकड्याची जागा, सगळं शेजारी ठेवून जुळवा. काही खटकलं तर वस्तू पुसू नका, विकू नका, विक्रेत्याला लगेच परत पाठवू नका. फोटो काढा, पावती शोधा आणि तक्रार नोंदवा.