महागड्या थर्मल पेस्टच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझी बहीण अंतर्गत सजावटीचे काम करते आणि त्यासाठी घरातील संगणकावर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये तासन् तास रेंडरिंग, म्हणजे आराखड्यावरून हुबेहूब चित्र तयार करण्याचे काम, चालते. त्यातील रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर फार तापू लागला, तेव्हा प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे नेणारा लेप, सुकली असावी असे वाटून आम्ही तो पुण्यातील एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने थर्मल ग्रिझली कंपनीची क्रायोनॉट ही जर्मन पेस्ट लावण्याचा आग्रह धरला, मजुरीसह १,५०० रुपये होतील असे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवले आणि संगणक परत देताना पडद्यावर ४२ अंश सेल्सियस तापमानही दाखवले.

या फसवणुकीचे मर्म त्या ४२ अंशांत आहे. तो आकडा बायोसच्या, म्हणजे विंडोजसारखी प्रणाली सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, पडद्यावरचा होता आणि बायोसमध्ये प्रोसेसरवर जवळजवळ काहीच भार नसतो. शिवाय सुकून भेगाळलेली पेस्ट काढून तिच्या जागी कोणतीही ताजी पेस्ट लावली, अगदी स्वस्तातली पांढरी लावली, तरी तापमान लगेच उतरते. पेस्टचे काम मुळात एवढेच असते की, प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ यांच्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांमधील हवा हटवून ती जागा भरून काढायची. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन असते, तर तांब्याची सुमारे ४००. या दोहोंच्या मध्ये साधी पेस्ट आली तरी हवेच्या तुलनेत फरक मोठा पडतो. त्यामुळे काउंटरवर दाखवलेल्या आकड्यावरून कोणती पेस्ट लावली हे कोणालाच ओळखता येत नाही आणि लबाडी करणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

काही महिन्यांतच रेंडरिंग पुन्हा रेंगाळू लागले. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅमवर पाहिले तर पूर्ण भाराखाली तापमान ९३ अंशांपर्यंत जात होते आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करत होता. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. या वेळी कूलर आम्ही घरीच काढला. क्रायोनॉट राखाडी असते. आत मात्र पांढरी, कडांना खडूसारखी भुकटी झालेली पेस्ट होती आणि तिच्याखाली मूळच्या पेस्टचा थर न पुसता तसाच ठेवलेला होता. वरून इतकी पेस्ट थापली होती की ती झाकणाच्या कडेवरून ओघळली होती. जाड थरामुळे उष्णता अडते, ही या कामातील अगदी प्राथमिक गोष्ट आहे. पैसे घेऊन काम करणाऱ्या तंत्रज्ञाने ती पाळू नये, याचा मला पेस्टच्या अदलाबदलीइतकाच राग आला.

नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे कापड वापरून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ केले, मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब ठेवला आणि कूलरचे स्क्रू आलटून पालटून समोरासमोरचे आवळले. आता त्याच कामाला तापमान ७२ अंशांच्या आसपास राहते. लावलेली पेस्ट आर्क्टिकची एमएक्स-४, म्हणजे मध्यम किमतीची आहे. चांगल्या पेस्टांमध्ये आपापसांत सहसा मोजक्या अंशांचाच फरक असतो. म्हणून ‘ही पेस्ट लावा, वीस अंश उतरतील’ असे कोणी सांगितले, तर ते श्रेय जुनी पेस्ट काढण्याचे असते, नव्या नावाचे नव्हे. वेष्टनावरील वाहकतेच्या आकड्यांवरही भिस्त ठेवू नये, कारण कंपन्या ते आपापल्या पद्धतीने मोजतात. एमएक्स-४ च्या बनावट नळ्याही विकल्या जातात. कंपनीने खरेखोटेपणा तपासण्यासाठी आपल्या संकेतस्थळावर सोय ठेवली आहे, तिचा उपयोग करावा. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. ते नसेल तर ती नळी घेऊच नये.

दुकानात काम करून घ्यायचे असल्यास सीलबंद नळी आपल्या डोळ्यांदेखत उघडायला लावावी, उरलेली पेस्ट नळीसह मागून घ्यावी आणि पेस्टचे पूर्ण नाव बिलावर लिहून घ्यावे. तापमान बायोसमध्ये न पाहता प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंचसारखा प्रोग्रॅम किमान दहा मिनिटे चालवून पाहावे. पेस्टऐवजी द्रवरूप धातू लावण्याचा सल्ला कोणी दिला आणि कूलरचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर तत्काळ नकार द्यावा. त्यातील गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरते आणि हा धातू वीजवाहक असल्याने ओघळल्यास मदरबोर्डही जाऊ शकतो.

आम्हाला दिलेल्या बिलावर केवळ ‘सर्व्हिस चार्ज’ एवढेच शब्द आहेत आणि दुकानदार आता क्रायोनॉटचे नाव घेतलेच नव्हते असे सांगतो. त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश मात्र आमच्याकडे आहे. तो संदेश आणि कूलर काढताना घेतलेली छायाचित्रे जोडून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवली आहे. १९१५ या क्रमांकावर ती कोणालाही करता येते.