जुन्या फायबर ट्रेलरच्या आतलं अस्तर बदलून घेताय? आमचे पैसे कसे गेले ते आधी वाचा

बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात कुणाकडं जुनी फायबरची कॅम्पर ट्रेलर किंवा फायबर बॉडीची केबिन असेल आणि आतलं अस्तर बदलायचं चाललं असेल तर आधी हे पूर्ण वाचा. यातली सगळी लबाडी अस्तराच्या मागं होते, वरनं रेक्झिन चढलं की काही म्हणजे काही दिसत नाही, आणि आपल्याकडं पाऊस सुरू झाला की मग एकेक बाहेर येतं.

माझ्या थोरल्या भाऊजींनी गोव्यातनं एक जुनी ट्रेलर घेतली आणि चोर्ला घाटातनं ओढत जांबोटीजवळच्या आमच्या शेतावर आणून लावली. सुट्टीत मुलांना झोपायला होईल, पुढं जमलं तर पाहुण्यांना भाड्यानं देता येईल असा विचार. बाहेरचं फायबर चांगलं होतं, आतलं अस्तर मात्र गेलेलं. छतावरच्या झडपेजवळनं पाणी मुरून तिथला फोम लोंबत होता, खिडकीखाली काळे डाग, आणि कोपऱ्यात हात लावला की भुगा पडायचा. भाऊजींनी माहिती काढली तेव्हा कळलं की असल्या ट्रेलरच्या आत साधा स्पंज चालतच नाही. कॅनडात विनिपेगला १९६८ पासून बोलर नावाच्या छोट्या फायबर ट्रेलर निघायच्या, त्यांच्यातसुद्धा पाणी न शोषणारा फोम आणि त्यावर व्हिनाइलची, म्हणजे रेक्झिनसारखी, कातडी असलेलं अस्तर थेट फायबरला चिकटवलेलं असायचं. कारण सोपं आहे. फायबरची भिंत पातळ, रात्री ती गार पडते, आत चार माणसं झोपली, गॅसवर चहा ठेवला की हवेतली वाफ त्या गार भिंतीवर जाऊन पाणी होते. असा बंद पेशींचा फोम, म्हणजे ज्यातले हवेचे बुडबुडे एकमेकाला जोडलेले नसतात तो, वाफेला भिंतीपर्यंत पोचूच देत नाही. सोफ्याचा स्पंज मात्र ती वाफ आणि पाणी दोन्ही पिऊन बसतो, आणि पाऊस तर आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीला असा की सांगायला नको.

तर ओळखीतनं एक माणूस मिळाला. वर्कशॉप हद्दीच्या पलीकडं, महाराष्ट्रात. गाड्यांची सीट कव्हरं, बसच्या आतलं काम, फायबरची रिपेरी सगळं करतो म्हणाला. सॅम्पल दाखवलं ते खरंच चांगलं होतं, एसीच्या पाइपवर घालतात तो काळा नायट्राइल रबराचा फोम, दाट, जड. सगळं खरवडून काढणार, तडे आतनं मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि रेझिन (सुकल्यावर कडक होणारं चिकट द्रव) मारून बंद करणार, मग हा फोम, वर व्हिनाइल. अठ्ठावन्न हजार सांगितले, चाळीस ॲडव्हान्स. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "वहिनी, बिल पाहिजे तर वर अठरा टक्के लागतील की, उगंच कशाला? आपल्या मराठी माणसाला फसवतोय होय मी?" आणि हे वाक्य त्यानं प्रत्येक वेळी वापरलं. आमच्या इथं या वाक्याला वजन आहे, सीमाभागात मराठी म्हणून एकमेकाला धरून राहायची सवय आहे, आणि नेमकं तेच त्यानं वापरून घेतलं याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

काम चालू असताना भाऊजी बघायला जायचे म्हटलं की "आज रेझिनचा वास आहे, डोळे चुरचुरतील, उद्या या", दुसऱ्या दिवशी गेलं तर "ते झाकून झालं की कालच". म्हणजे उघडी भिंत आम्हाला एकदाही बघू दिली नाही. ट्रेलर परत आली तेव्हा दिसायला झकास, क्रीम कलरचं रेक्झिन, वर शिलाईची डिझाइन. उरलेले अठरा हजार त्यानं ट्रेलर हुकला लावायच्या आधी रोख मोजून घेतले.

जुलैत छत फुगलं. मी नुसतं बोटानं दाबलं तर शिवणीतनं पाणी आलं हो, पिवळं, कुबट वासाचं. गोव्यात मच्छीमारांच्या बोटींचं फायबरचं काम करणारे एक मिस्त्री भाऊजींच्या ओळखीचे, त्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोरच कटरनं अस्तर उघडलं. आत नायट्राइल कुठलं, सोफ्यात घालतात तो पिवळा स्पंज, पिळला की धार लागत होती. जुना फोम खरवडलाच नव्हता, त्याच्या भुग्यावरच नवीन चिकटवलेलं. चिकटवायचं सोल्यूशन फक्त रेक्झिनच्या बाजूला फासलेलं, फायबरवर नाहीच. मिस्त्रींनी सांगितलं की हे कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही बाजूंना लावायचं असतं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं आणि मग दाबायचं, एका बाजूला लावलेलं छतावर टिकतच नाही.

तड्यांचं तर विचारूच नका. मॅट नाही, रेझिन नाही, गाडीच्या डेंटिंगला लावतात ती पुट्टी भरून वर रंग मारलेला. स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं तर ढपलाच निघाला. मिस्त्री म्हणाले, "ताई, पुट्टीला ताकद नसते, ट्रेलर रस्त्यावर हलली की तडा परत उघडणारच." बरोबर पद्धत त्यांनी करून दाखवली. तडा ग्राइंडरनं इंग्रजी व्ही सारखा उघडायचा, आजूबाजूचं घासून ॲसिटोननं पुसायचं, मग चॉप्ड स्ट्रँड मॅटचे (काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची मॅट) एकावर एक मोठे होत जाणारे तुकडे रेझिननं बसवायचे, रेझिन घट्ट करणारा हार्डनर साधारण एक ते दोन टक्के, जास्त घातला तर डब्यातच तापून घट्ट होतं. घासताना मास्क पाहिजेच, ती काचेची धूळ फुप्फुसात जाते.

खिडकीभोवती प्लायच्या पट्ट्या होत्या, त्या बसवायला त्या माणसानं स्क्रू थेट फायबरच्या आरपार घातलेले, बाहेर आलेली टोकं ग्राइंडरनं कापून वर रंग लावलेला. म्हणजे जिथं एक गळती होती तिथं त्यानं स्वतःच्या हातानं कितीतरी नवीन भोकं पाडून दिली. आणि झडपेभोवती सिलिकॉन थापलेलं. तेही आता पूर्ण काढावं लागतंय, कारण सिलिकॉनचा तेलकटपणा राहिला तर त्यावर रेझिनही धरत नाही आणि दुसरा सीलंटही. तिथं ब्युटाइल टेप (न सुकणारी चिकट रबरी पट्टी) किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट पाहिजे होतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सोफ्याचा तो पीयू स्पंज आग धरला की भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, सायनाइडचा वायूसुद्धा. ट्रेलरमध्ये गॅसची शेगडी भिंतीला लागून आहे. दार एकच. तिथं आमची पोरं झोपणार होती.

त्या माणसाला फोन केला तर आधी "पाणी बाहेरनं येऊलालंय, माझं काम आतलं", मग फोन उचलणंच बंद. शेवटी एकदा उचलला तेव्हा सरळ म्हणाला, "तुम्ही कर्नाटकात, मी महाराष्ट्रात, केस कुठं घालणार?" हे वाक्य हद्दीवरच्या लोकांना घाबरवायला चांगलं चालतं आणि ते साफ खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं तक्रार करणारा जिथं राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, समोरचा कुठल्या राज्यात आहे यानं अडत नाही. म्हणजे बेळगावच्या माणसाला बेळगावातच करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं आधी बोलून घ्या. आम्ही रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली ती "घेण्यास नकार" असा शेरा होऊन परत आली, वकील म्हणाले तो लिफाफा न फोडता तसाच ठेवा, तो पण पुरावा. पक्कं बिल नाही पण ॲडव्हान्स यूपीआयनं दिला होता आणि कोटेशन व्हॉट्सॲपवर आहे, त्यात "नायट्राइल फोम" असं त्याच्याच शब्दात लिहिलंय. त्यावर तक्रार दाखल झालीय.

असलं काम कुणाला देणार असाल तर पैसे तीन टप्प्यात द्या आणि मधला हप्ता उघडी, खरवडलेली, सुकलेली भिंत स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावरच द्या, "वास आहे उद्या या" ऐकू नका. तडे भरल्यावर अस्तर चढायच्या आधी ट्रेलरवर पाइपनं भरपूर पाणी मारून आतनं बघा. फोमचा तुकडा सॅम्पलचा नको, चिकटवायला आणलेल्या शीटमधनं कापून घ्या, पाण्याच्या बादलीत बुडवून आत दाबा, सोडा, परत दाबा, मग बाहेर काढून पिळा. बंद पेशींचा असेल तर वरवरचं ओलं निथळतं तेवढंच, स्पंज असेल तर पाणी गळतं.

आणि ज्यांचं काम अगोदरच झालंय त्यांनी सीटच्या मागं न दिसणाऱ्या जागी अस्तराचा कोपरा उचकून बघा, पावसाळ्याआधी बघा. आत स्पंज निघाला तर लगेच सगळं फाडून फेकू नका, आधी तारखेसकट फोटो, व्हिडिओ काढा, जाणकार मिस्त्रीकडनं लिहून सही घ्या, आणि स्पंज, पुट्टीचा ढपला, कापलेले स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत घालून ठेवा, आयोगात तेच मागतात.