बोर्डाची रेड की सिस्टीमची? दोन डिस्कचा मिरर लावण्याआधी

दोन सारख्या डिस्क आणल्या, केबली जोडल्या, आता मिरर (म्हणजे एकच डेटा दोन्ही डिस्कवर एकदम लिहिण्याची सोय) लावायचा कुठे? एक सोय मदरबोर्डाच्या बायोसमध्येच (मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) असते. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची: विंडोजमध्ये स्टोरेज स्पेसेस (२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेलं), लिनक्समध्ये एमडीएडीएम. मी आधी बोर्डाची रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून वापरण्याची पद्धत; मिरर हा तिचाच एक प्रकार) वापरली आणि मग लिनक्सकडे गेलो, त्यामुळे माझा काटा थोडा कललेला आहे हे धरूनच वाचा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्हाला माहीत आहेच.

दुकानात बोर्डाच्या सोयीला बिनधास्त ‘हार्डवेअर रेड’ म्हणतात. घरगुती बोर्डावर तसं काही नसतं. स्वतःची मेमरी आणि बॅटरी असलेलं वेगळं कार्ड निराळं. इथे सगळं काम तुमचा प्रोसेसर आणि ड्रायव्हरच करतात. म्हणून वेगाचा मुद्दा मी सोडूनच देतो. फोटोंची जाडजूड फोल्डरं इकडून तिकडे करताना मला तरी दोन्हींत फरक जाणवला नाही.

लावायला बसलं की बोर्ड सुरुवातीलाच छळतो. साटा मोड (डिस्कच्या पोर्टांची कामाची पद्धत) एएचसीआयवरून, म्हणजे साध्या सुट्या डिस्कवरून, रेडवर नेला तरी रेडचा मेनू दिसत नाही. बऱ्याच बोर्डांवर सेव्ह करून, रिस्टार्ट करून पुन्हा बायोसमध्ये शिरलं की मगच तो उगवतो. जुन्या इंटेल बोर्डांची सवय असलेली माणसं रेडच्या स्क्रीनसाठी कंट्रोल-आय दाबत बसतात, पण सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद असेल तर तो स्क्रीन येतच नाही, सगळं बायोसच्या अॅडव्हान्स्ड भागात गेलेलं असतं. एक डिस्क दिसत नसेल तर केबल बदलण्याआधी मॅन्युअल उघडा. अनेक बोर्डांवर एम डॉट टू स्लॉटमध्ये (बोर्डावरच एसएसडी बसवायच्या खाचेत) एसएसडी बसवली की एकदोन साटा पोर्ट बंद पडतात, आणि हे कोष्टकाखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं. काही बोर्डांवर दोन जादा पोर्ट वेगळ्या चिपवरून येतात. त्यांवरची डिस्क विंडोजला दिसते, पण चिपसेटच्या (बोर्डाच्या मुख्य चिपच्या) रेडमध्ये घेता येत नाही.

विंडोज त्याच अॅरेवर (रेडने एकत्र बांधलेल्या डिस्कांवर) टाकायची असेल तर इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही म्हणून घाबरू नका. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सुटा करून द्यावा लागतो, सेटअपची एक्झी फाइल तिथे चालत नाही. एएमडीच्या बाबतीत तीन ड्रायव्हर, तेही क्रमाने: आरसीबॉटम, आरसीरेड, आरसीसीएफजी. आणि विंडोज आधीच टाकलेली असताना मोड बदलून निळा स्क्रीन आला, तर मोड परत एएचसीआय करा, विंडोजमधून सेफ मोड लावा, रिस्टार्ट करताना बायोसमध्ये रेड करा, सेफ मोडमध्ये एकदा बूट होऊ द्या आणि मग सेफ मोड काढा. बहुतेक वेळा भागतं.

हे सगळं एकदाच करायचं असतं. सुट्टीचा दिवस जातो, पण नंतर विसरायला होतं. नुसत्या एवढ्यावरून मी बोर्डाची रेड सोडली नसती.

सोडली ती बायोस अपडेटमुळे. अपडेट झालं की बायोसची सेटिंगं बऱ्याचदा मूळपदावर येतात आणि साटा मोड गुपचूप एएचसीआय होतो. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला तरी तेच. विंडोज त्या अॅरेवर असेल तर निदान ती चालूच होत नाही आणि काहीतरी बिघडल्याचं कळतं. माझी विंडोज वेगळ्या एसएसडीवर होती, मिरर फक्त डेटासाठी. मशीन नेहमीसारखं चालू झालं, ड्राइव्हचं अक्षर तेच, फोटो जागच्या जागी. काम चालू राहिलं. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर मात्र एका डिस्कवर ‘ऑफलाइन’ लिहिलेलं, कारण सिग्नेचर कोलिजन (दोन डिस्कची ओळखखूण एकच असणं). म्हणजे रेड नाहीशी झाल्यावर विंडोजला दोन हुबेहूब डिस्क दिसल्या, तिने एक बाजूला ठेवली आणि दुसरीवर लिहीत राहिली. मिरर तुटला होता आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आता खरी गोम पुढे आहे. अशा वेळी नुसता मोड रेडवर नेला तर बोर्ड अॅरेला ‘नॉर्मल’ म्हणू शकतो. त्याच्या दप्तरी काही बिघडलेलंच नसतं. पण एका डिस्कवर नव्या फायली, दुसरीवर जुना मजकूर, आणि वाचन कधी हिच्यावरून, कधी तिच्यावरून. ऑफलाइन डिस्कवर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ करण्याचाही मोह होतो. केलं की विंडोज तिच्यावर नवी सिग्नेचर लिहिते आणि गुंता वाढतो. माझ्याकडे चाललेला मार्ग असा: नवा डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर घेतला, मशीन बंद करून जुनी पडलेली डिस्क सोडवली, एकट्या ताज्या डिस्कसह रेड मोड लावला, अॅरे ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क कमी) दिसल्याची खात्री केली, आणि मग दुसरी डिस्क कोरी करून पुन्हा जोडून रिबिल्ड केलं, म्हणजे ताज्या डिस्कवरून तिच्यावर सगळं उतरवून घेतलं. तुमचा बोर्ड थोडा वेगळा वागू शकेल, पण क्रम हाच ठेवा असं सुचवेन.

कोणती डिस्क सोडवायची हे ओळखणं ही आणखी एक गंमत. बायोस म्हणतं पोर्ट ०, बोर्डावर छापलेलं असतं साटा १. शेवटी सीरियल नंबरच बघावा लागतो. नंबराचे शेवटचे चार आकडे कागदी पट्टीवर लिहून डिस्कच्या दर्शनी कडेला चिकटवा, कॅबिनेटमध्ये टॉर्च धरून मान वाकडी करावी लागणार नाही.

लिनक्समध्ये मिररची माहिती डिस्कवरच असते आणि ती वाचायला बायोसच्या कुठल्या सेटिंगची गरज नसते. बोर्ड मेला, डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्या, अॅरे उभा. शिवाय डिस्कची नावं सीरियल नंबरासकट दिसतात. आणि बिटमॅप! पावसाळ्यात लाइट गेली आणि यूपीएसनेही मान टाकली, की माझ्या जुन्या बोर्डाची रेड परत आल्यावर अख्खी डिस्क पडताळत घरघर करत बसायची. एमडीएडीएम बिटमॅपमध्ये टिपून ठेवतं की लिहिणं कुठे चालू होतं, आणि तेवढेच भाग जुळवून घेतं. शंभर जीबीच्या वरच्या मिररला तो सहसा आपोआप लागतो. चहा होईपर्यंत काम आटोपलेलं असतं.

त्याचेही नखरे आहेत. अॅरे एमडी० नावाने बनवाल आणि रिस्टार्टनंतर तो एमडी१२७ होऊन बसेल. अॅरेची नोंद कॉन्फिग फाइलमध्ये घालून इनिटरॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला लागणारी फाइल) पुन्हा बनवलं की ठीक होतं. माउंट यूयूआयडीने (नावासारख्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने) करा आणि सोबत ‘नोफेल’ लिहा, नाहीतर अॅरे न मिळाल्यावर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. डिस्क गेल्याचा ईमेल येण्याची सोय आहे, पण ती आपणच लावायची.

स्टोरेज स्पेसेसबद्दल थोडक्यात. बायोसच्या कटकटीतून तेही सोडवतं, पूल (त्याने एकत्र केलेल्या डिस्क) दुसऱ्या विंडोज मशीनवर ओळखला जातो, आणि विंडोज सोडायचीच नसेल तर मी बोर्डाआधी त्याचंच नाव घेईन. मिररपुरतं ठीक; पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा हिशेबाने परत मिळवण्याची पद्धत) लावली तर लिहिण्याचा वेग रडवतो.

मग बोर्डाची रेड घ्यावी कुणी? खुद्द विंडोजच मिररवर हवी असेल तर घरी दुसरा सोपा पर्याय मला दिसत नाही. एकाच अॅरेवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही चालवायची असतील तरी इंटेलच्या बाबतीत ती जमते, कारण इंटेलचा अॅरे एमडीएडीएमला वाचता येतो. फक्त डेटा जपायचा असेल, आणि एखादं जुनं मशीन कोपऱ्यात लिनक्सवर ठेवायची तयारी असेल, तर लिनक्सचाच मिरर घ्यायला मी दुसऱ्यांदा विचार करणार नाही.

बोर्डावर आधीच लावून बसला असाल तर लगेच मोडायची घाई नको. बायोस अपडेट करण्याआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, डेटाच्या दोन्ही डिस्कच्या केबली सोडवा, अपडेटनंतर साटा मोड रेडवर असल्याचं डोळ्यांनी बघा, आणि मगच मशीन बंद करून त्या परत जोडा.