सर्वनामं पक्की करायची असतील तर हा वर्ग

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी परदेशी ऑर्डरींचा पत्रव्यवहार बघते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बीकॉम. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण लिहायला बसलं की 'ही', 'शी', 'दे' इथंच गाडी अडायची. मागच्या वर्षी एका मेलमध्ये आमच्या मालकांबद्दल मी लिहिलं, "दे विल साइन टुमारो." मराठीत मालक म्हणजे 'ते', म्हणून 'दे'. खरेदीदाराचा उलटा मेल आला: सही करणारे नक्की किती जण आहेत? त्या खुलाशात दोन दिवस गेले. मला फार लागलं ते. त्याच आठवड्यात नवी पेठेतल्या या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं.

संध्याकाळी ७ ते ८, आठवड्याला चार दिवस, सहा आठवडे. फी २,५०० रुपये, दोन हप्त्यांत चालते.

सर्वनामांचा तक्ता शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. इथल्या सरांनी तक्ता काढलाच नाही. पहिल्या दिवशी टेबलावर एक सोलापुरी चादर, एक टॉवेल आणि कापडाचा एक तुकडा ठेवला आणि विचारलं, "मराठीत काय म्हणता यांना?" ती चादर, तो टॉवेल, ते कापड. "आता इंग्रजीत तिन्ही 'इट'. तिथं वस्तूला बाई-पुरुष नाही." मी इतकी वर्षं चादरीला मनातल्या मनात 'शी' म्हणत होते आणि लिहिताना अंदाजाने बदलत होते. का चुकतं ते त्या दिवशी कळलं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो 'हिज' आणि 'हर'चा. आमच्यातले निम्मे जण 'तिचा भाऊ' याचं इंग्रजी 'हिज ब्रदर' करायचे. सरांनी फळ्यावर 'तिचा' लिहिलं आणि 'चा'वर तळहात ठेवला. "हा 'चा' भावामुळं आलाय. भाऊ आहे म्हणून 'चा', बहीण असती तर 'ची'. इंग्रजीला ही शेपटी नाहीच. झाका ती. काय राहिलं?" 'ति' राहिला, म्हणजे 'हर'. मग 'त्याची बहीण' घेतलं, 'ची' झाकली, 'त्या' राहिला, म्हणजे 'हिज'. मी अजूनही मेल लिहिताना मनात शेपटी झाकते, आणि ही चूक माझ्याकडून पुन्हा झालेली नाही. टेबलाचा पाय असेल तर तिथंही 'त्या'च उरतो, पण वस्तू आहे म्हणून 'इट्स'. आणि या 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी नाही. अपॉस्ट्रॉफी दिली की त्याचं 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतं. एवढं लक्षात ठेवायला मला तीन दिवस लागले.

सोलापूरच्या वर्गात चार भाषांची मुलं असणारच, आणि सर त्याचा फायदा करून घेतात. शहराच्या पूर्व भागातली एक तेलुगू मुलगी 'शी'च्या जागी 'इट' म्हणायची. सरांनी तिला कारण दाखवलं: तेलुगूत 'अम्मा वच्चिंदि' आणि 'बस्सु वच्चिंदि', आई आली काय नि बस आली काय, क्रियापद एकच. कन्नड घरातल्या मुलाला मात्र हे सोपं गेलं, कारण त्याच्याकडे 'अवनु, अवळु, अदु' असे माणूस, बाई, वस्तू आधीच वेगळे आहेत. कुणाला हसायचं नाही हा तिथला नियम आहे, आणि तो पाळला जातो.

माझ्या 'दे'चंही मी विचारलं. मान द्यायला इंग्रजीत अनेकवचन वापरत नाहीत. मालक पुरुष आहेत, एकटे आहेत, तर 'ही'च. मान 'मिस्टर'मधून आणि बोलण्याच्या पद्धतीतून द्यायचा. पण माणूस कोण ते माहीत नसेल, "कुणाची तरी छत्री राहिली" असं असेल, तर एकासाठीही 'देअर' चालतं, आणि ते चूक नाही. 'मायसेल्फ अमुक' अशी ओळख करून देणंही तिथंच सुटलं. सरळ 'आय ॲम' म्हणायचं.

उणं आहे ते सांगते. एका बॅचला ३५ जण फार होतात. लिहून दिलेला गृहपाठ आठवड्याने परत मिळतो, तोवर आपण काय लिहिलं होतं तेच विसरतो. 'हू' आणि 'हूम' शेवटच्या तासात घाईत उरकले. मला ते अजून नीट जमत नाहीत, आणि पत्रव्यवहारात ते लागतात. 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हींना इंग्रजीत 'वुई'च असल्यामुळं होणारा घोळही जरा जास्त वेळ घेऊन शिकवायला हवा होता. खरेदीदाराला "वुई विल पे" लिहिलं तर माल पाठवायचं भाडं कोण भरणार, एकटे आम्ही की दोघं मिळून? आता मी तिथं कारखान्याचं नाव लिहिते.

पुढची बॅच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठल्यावर सुरू होणार आहे. जाणार असाल तर पावणेसातला पोचा आणि पुढचा बाक धरा, मागून फळा दिसत नाही.