लहान पटाची जिल्हा परिषद शाळा: शिकवणं चांगलं, माणसं अपुरी

पहिली ते पाचवी, पट साठच्या आसपास, शिक्षक दोन. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत या मापाच्या जिल्हा परिषद शाळा ठिकठिकाणी आहेत. फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण शाळेत. ही सेवा जोखायची तर रंगवलेल्या भिंती आणि डिजिटल फळा बाजूला ठेवावा. वर्गात प्रत्यक्ष किती माणसं उभी राहतात आणि मागे पडणाऱ्या मुलाकडे कोण बघतं, एवढंच पाहावं.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टाप्रमाणे पाचवीपर्यंत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेल्यावर. साठाला दोन म्हणजे तीस मुलांमागे एक शिक्षक. शहरातल्या खासगी शाळेच्या पालकाला हेवा वाटावा असा आकडा. फसगत इथेच होते, कारण हा हिशेब मुलं मोजतो, इयत्ता मोजत नाही. कायद्याने या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. दोन शिक्षकांचे मिळून १६०० तास पाच इयत्तांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला ३२० येतात, म्हणजे दिवसाला दीड तासाहून जरासा जास्त. उरलेल्या वेळात मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात, पाढे लिहितात, नाहीतर चौथीतली एखादी मुलगी पहिलीला बाराखडी म्हणायला लावते. जोडवर्ग, म्हणजे एकत्र बसवलेल्या इयत्ता, कसलेल्या शिक्षकाच्या हाती असेल तर यातूनही मुलं छान शिकतात. पण पहिलीचं मूल वाचायला लागेपर्यंत त्याच्याशेजारी मोठं माणूस बसावं लागतं, आणि नेमकं तेच जमत नाही.

हे सगळं दोघंही शाळेत असले तरचं. एक जण रजेवर, प्रशिक्षणाला किंवा शिक्षण परिषदेला गेला की पाचही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारणाच्या कामाला याच कायद्याच्या कलम २७ नेच मुभा दिली आहे, त्यामुळे मतदारयादी टळत नाही. लिपिक नाही, शिपाई नाही. यू-डायस या सरकारी नोंदप्रणालीत भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद आणि शिष्यवृत्तीचे अर्ज हे सगळं ज्याच्याकडे मुख्याध्यापकाचा पदभार, तोच वर्ग सांभाळून करतो. कलम २६ म्हणतं की मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून अधिक रिक्त राहू नयेत. दोनशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी म्हणजे थेट ५० टक्के.

पद जातं कसं, हेही पालकांना माहीत असावं. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर हे ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यात आधार वैध ठरलेली मुलंच मोजली जातात. शाळेच्या प्रवेश नोंदवहीत (जनरल रजिस्टर) ‘गणेश’ आणि आधारवर ‘गनेश’ असलं, जन्मतारीख किंवा लिंगाची नोंद जुळली नाही, की मूल रोज वर्गात बसूनही मोजणीत येत नाही. पट साठ-एकसष्टच्या काठावर असेल तर एवढ्याशा चुकीपायी तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. म्हणून जुलैतच दोन्ही नोंदी शेजारी ठेवून ताडून घ्याव्यात. चूक आधारात असेल तर केंद्रावर दुरुस्ती, शाळेच्या नोंदीत असेल तर जन्मदाखला जोडून अर्ज. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचे ठसेही तेव्हाच अद्ययावत करावेत. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आहेत, त्यामुळे वाद घालण्याआधी शाळेचा चालू वर्षाचा संचमान्यतेचा कागद मागून बघावा.

जेवणाची बाजू मात्र बरी. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं हे प्रमाण आहे. २६ ते १०० मुलांना दोन स्वयंपाकी-मदतनीस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा मुलांना तपासतं. तपासणीपेक्षा पुढचा पाठपुरावा महत्त्वाचा: चष्मा, कान, दात यांसाठी पुढे पाठवलेल्या मुलांची यादी शाळेकडे आहे का आणि त्यातली किती मुलं खरोखर रुग्णालयात पोचली, हे विचारा. उत्तर देताना शाळा अडखळली तर काय ते समजावं.

सगळ्यांत कच्चा दुवा दिव्यांग मुलांचा. प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण २०२२ मध्ये ठरलं. प्रत्यक्षात लहान शाळेला स्वतःचा विशेष शिक्षक नसतो. तालुक्याच्या गट साधन केंद्राचा माणूस अनेक शाळा फिरत येतो. त्याच्या भेटींची नोंदवही आणि मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, दोन्ही पाहायला मागा. आराखड्यात ‘सराव घ्यावा’ एवढंच लिहिलं असेल तर तो नसल्यातच जमा. मनाच्या अडचणींसाठी समुपदेशक शाळेत नाहीच, तेही काम वर्गशिक्षकावरच पडतं.

प्रवेशाआधी मुख्याध्यापकांना विचारायचं ते असं: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि त्यांतलं कोणी ‘कामगिरी’वर दुसऱ्या शाळेत आहे का? हा तिसरा प्रश्न चुकवू नका, कारण हजेरीपटावर नाव इथे आणि माणूस तालुक्याला, असं घडतं. पहिलीला कोणती इयत्ता जोडून बसते, तेही विचारा. पहिली आणि दुसरी एकत्र असणं चालतं; पहिलीला चौथी जोडली असेल तर घरी रोज अर्धा तास वाचन घेण्याची तयारी ठेवा.

शिक्षक कमी पडत असेल तर तोंडी तक्रारीने काही हलत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं कायदेशीर काम आहे. मागणी त्या आराखड्यात घाला, ठराव करा, केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि आवक क्रमांक पडलेली पोच स्वतःजवळ ठेवा. संचमान्यतेनंतर ठराव केला तर पुढच्या वर्षापर्यंत वाट बघावी लागते.